उंची सोडून सगळं लहान

लोणावळ्याच्या वळवण तलावातलं पाणी खोपोलीच्या वीजघरात पोचतं तेव्हा ते पाचशे मीटरांहून जास्त खाली उतरलेलं असतं. टाटांच्या या योजनेची कोनशिला १९११मध्ये बसली आणि फेब्रुवारी १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. मावळातल्या नद्या काही मोठ्या नाहीत. पावसाळा सरला की इंद्रायणीला बेताचंच पाणी. मोठा आहे तो कडा. वळवण, लोणावळा, शिरोता या तलावांत चार महिन्यांचा पाऊस अडवायचा, घाटमाथ्यावरून तो लोखंडी नळांत सोडायचा आणि पुढचं काम उंचीवर सोपवायचं, एवढीच ती युक्ती.

आता हा सगळा घाट एखाद्या शेडमध्ये शंभरास एक या प्रमाणात उभा केला, असं धरू. कडा पाच मीटरांचा, नळ बोटाएवढे. खऱ्या घाटात घर्षण सोडलं तर नळाच्या तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या आसपास जातो. प्रतिकृतीत तो दहा मीटर भरेल. उंची शंभरपट घटली, वेग मात्र दहापटच घटला, कारण पडणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब पन्नास वातावरणांवरून अर्ध्या वातावरणावर येईल. आणि वीज? नळाचा छेद दहा हजारपट लहान, वेग दहापट कमी, उंची शंभरपट कमी. तिन्हींचा गुणाकार एक कोटी. खोपोलीच्या ७२ मेगावॉटला एक कोटीने भागलं की उरतात सात वॉट. त्यावर एक दिवा लागेल.

म्हणजे प्रतिकृती दिसायला हुबेहूब, पण तिच्यातली प्रत्येक राशी वेगवेगळ्या पटीने लहान झालेली. काही तर लहान झालेल्याच नाहीत: पाण्याचा चिकटपणा तोच, पृष्ठताण तोच, गुरुत्वाकर्षण तेच. जी यंत्रं बांधण्याआधी बांधून बघता येत नाहीत, त्यांच्या अभ्यासकांना रोज याच गुंत्याशी झगडावं लागतं. अणुभट्टी हे त्यातलं सर्वांत अवघड उदाहरण.

पाण्याच्या बाबतीत हा झगडा पुणे जिल्ह्याला नवा नाही. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचनकामातून सुरू झाली आणि आजही तिथल्या प्रशस्त शेडमध्ये बंदरं, सांडवे, नद्यांची पात्रं छोट्या प्रमाणात बांधली जातात. किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रांसाठी समुद्राचं पाणी कुठून घ्यावं आणि गरम झालेलं पाणी कुठे सोडावं, हे प्रश्नही या संस्थेकडे येतात. शंभरास एक प्रमाणाच्या बंदरात भरती-ओहोटीचं बारा तास पंचवीस मिनिटांचं चक्र सव्वा तासात उरकतं, कारण तिथलं घड्याळही दहापट जलद चालतं. खाडी लांबरुंद आणि उथळ असेल तर आणखी एक लबाडी करावी लागते. दहा किलोमीटर लांब आणि दहा मीटर खोल खाडी चारशेस एक केली तर लांबी पंचवीस मीटर होते, पण खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर. एवढ्या पातळ थरात पाणी खाडीसारखं वाहतच नाही. म्हणून खोलीपुरतं प्रमाण ऐंशीस एक धरायचं आणि तळाचे उतार पाचपट तीव्र झाले तर होऊ द्यायचे. अशा प्रतिकृतीला विकृत म्हणतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कुठली गोष्ट बिघडू द्यायची हे आधी ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

आता अणुभट्टीकडे येऊ. तिची खरी काळजी ती चालू असताना नसते, बंद केल्यावर असते. साखळी-प्रक्रिया थांबली तरी इंधनात साचलेली किरणोत्सारी मूलद्रव्यं विघटित होत राहतात आणि उष्णता निघत राहते: बंद केल्या केल्या मूळ शक्तीच्या साधारण सहा टक्के, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. ३५० मेगावॉट उष्णतेच्या भट्टीत दिवसभरानंतरही दीड-पावणेदोन मेगावॉट उष्णता तयार होत असते आणि तिला वाट हवीच असते. फुकुशिमाला २०११मध्ये भट्ट्या भूकंपाबरोबर व्यवस्थित बंद पडल्या होत्या. नंतर त्सुनामीने वीज गेली आणि या उरलेल्या उष्णतेने घात केला.

उच्च तापमानाच्या, वायूने थंड होणाऱ्या भट्टीची कल्पना या उष्णतेला पंपाशिवाय वाट देण्याची आहे. पाण्याऐवजी तीत हेलियम खेळवतात. तो कशाशी संयोग पावत नाही आणि या तापमानाला त्याची अवस्थाही बदलत नाही. इंधन मोहरीहून लहान कणांच्या रूपात असतं. आत युरेनियम, भोवती सच्छिद्र कार्बन, मग दाट कार्बन, मग सिलिकॉन कार्बाइड, मग पुन्हा दाट कार्बन. हे कवच १६०० अंश सेल्सिअसपर्यंत किरणोत्सारी पदार्थ आत धरून ठेवेल, असा आराखड्याचा आधार. कण बसवायचे ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांत किंवा गोळ्यांत. ग्रॅफाइट वितळत नाही आणि उष्णता रिचवायला भक्कम. हेलियमचा पंखा थांबला, नळ फुटून हेलियम निघून गेला, तरी उष्णता ग्रॅफाइटमधून बाहेरच्या पोलादी पात्राकडे झिरपेल, पात्र तापून ती भोवतालच्या भिंतीकडे फेकेल आणि तिथून ती बाहेर जाईल. माणसाने काही करायचं नाही. गाभा तापेल, कित्येक तास तापतच राहील, पण १६०० अंशांच्या आत थांबेल. हे दावे आहेत. ते तपासायचे कसे?

छोटी भट्टी बांधून, असं सहज वाटतं, आणि तसं झालंही आहे. जर्मनीत युलिश इथली १५ मेगावॉट विजेची एव्हीआर भट्टी १९६७ ते १९८८ चालली आणि तिच्यावर शीतन बंद पाडून बघण्याचे प्रयोग झाले. बीजिंगजवळ चिंग्हुआ विद्यापीठाची १० मेगावॉट उष्णतेची भट्टी २००० सालच्या डिसेंबरात प्रथम पेटली. जपानमध्ये ओआराई इथली ३० मेगावॉटची भट्टी १९९८पासून आहे. २००४मध्ये तिने बाहेर पडणाऱ्या हेलियमचं तापमान ९५० अंशांवर नेलं. पण छोटी भट्टी सुरक्षित राहिली म्हणून मोठी राहीलच असं नाही. वाटीतलं दूध पातेल्यातल्या दुधाआधी निवतं; वाटीत दुधाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. भट्टी सगळ्या बाजूंनी चौपट लहान केली की तिचं आकारमान चौसष्टपट घटतं आणि बाहेरचा पृष्ठभाग सोळापटच घटतो. उष्णतेच्या मानाने बाहेर पडायची वाट चौपट रुंद होते. लहान प्रतिकृती मोठ्या भट्टीची अशी आपोआप तारीफ करते. ही तारीफ खोटी आहे हे ओळखणं आणि ती किती खोटी आहे हे मोजणं, हेच या विद्येचं खरं काम.

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या कोर्व्हॅलिस इथे ओरेगन स्टेट विद्यापीठात असा एक चाचणी-संच आहे. जनरल अ‍ॅटॉमिक्सने आखलेल्या ३५० मेगावॉटच्या भट्टीची ती चतुर्थांश प्रतिकृती, उंचीतही आणि रुंदीतही. मूळ भट्टी कधी बांधलीच गेली नाही, प्रतिकृती मात्र उभी राहिली. अणुइंधन तीत नाही. ग्रॅफाइटच्या विजेच्या कांड्या जास्तीत जास्त २.२ मेगावॉट उष्णता देतात. या संचाचे आराखडे वाचताना मला गंमत वाटते ती काय लहान केलं याची नाही, काय लहान केलं नाही याची.

तापमान लहान केलेलं नाही. मूळ भट्टीत हेलियम २५९ अंशांवर आत शिरतो आणि ६८७ अंशांवर बाहेर पडतो. संचही त्याच पट्ट्यात चालवता येतो. यामागे सक्त कारण आहे. तापलेल्या वस्तूतून किरणांच्या रूपाने निघणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. तापमान निम्मं केलं की ती सोळापट घटते, तर वहनाने जाणारी उष्णता निम्मीच होते. मग दोन वाटांमधली वाटणीच बदलते आणि प्रयोग भलत्याच यंत्राचा होतो. थंड प्रतिकृती कितीही सुबक असो, या प्रश्नाला निरुपयोगी.

दाब मात्र कमी केला. मूळ भट्टीत साठाहून अधिक वातावरणांचा दाब, संचात सुमारे आठ. म्हणजे नळ फुटल्यावर वायू भसकन बाहेर पडण्याचा पहिला टप्पा इथे पूर्णपणे पाहता येत नाही. शेवटचा, मंद टप्पा पाहता येतो. तोच जास्त महत्त्वाचा, असा बांधणाऱ्यांचा निर्णय. मला तो पटतो. त्या टप्प्यात हेलियमचा दाब बाहेरच्या हवेएवढा उतरलेला असतो आणि ७०० अंशांच्या हेलियमपेक्षा बाहेरची हवा वीसपटीहून जड असते. फुटलेल्या नळातून ती तळाशी सरपटत आत शिरते आणि हलका हेलियम तिच्या डोक्यावरून बाहेर निघतो. हवा गरम ग्रॅफाइटपर्यंत किती पोचते आणि किती वेळाने, हा प्रश्न सगळ्या आराखड्यांना छळतो, कारण तापलेलं ग्रॅफाइट हवेत झिजतं.

आणि गाभा ग्रॅफाइटचा नाही, सिरॅमिकचा आहे. हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं: ज्या पदार्थावर सगळ्या कल्पनेची भिस्त तोच बदलायचा? यात घड्याळांचा हिशेब आहे. उंची चौपट कमी केली की नैसर्गिक प्रवाहाने फिरणारा वायू निम्म्या वेळात फेरी मारतो, म्हणजे वायूचं घड्याळ दुप्पट जलद. घन पदार्थातून उष्णता झिरपायला लागणारा वेळ मात्र जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाडी चतुर्थांश केली की तो सोळाव्या हिश्शावर येतो. गाभा ग्रॅफाइटचाच ठेवला तर एकाच यंत्रात एक घड्याळ दुपटीने आणि दुसरं सोळापटीने पळेल. दोघांना जवळ आणायचं तर उष्णता सावकाश वाहून नेणारा पदार्थ घ्यावा लागतो. सिरॅमिक या हिशेबात बसतं. मूळ यंत्राशी इमान राखायचं म्हणून मूळ पदार्थ सोडायचा.

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात याच कोड्याचं वेगळं उत्तर निवडलेलं दिसतं. तिथला विषय वायूची भट्टी नव्हे. भारताने हेलियमवर चालणारी भट्टी बांधलेली नाही. तिथे थोरियमचा वापर डोळ्यांपुढे ठेवून ३०० मेगावॉट विजेची प्रगत जड-पाणी भट्टी आखली गेली. तिच्यात मुख्य शीतनाला पंपच नाही. गाभ्यात उकळणारं पाणी आणि वाफ हलकी होऊन वर जाते, वरच्या पिंपांत वाफ वेगळी होते, उरलेलं पाणी आपल्या वजनाने खाली येतं. पूर्ण शक्तीवरही हा प्रवाह गुरुत्वाकर्षणानेच चालायचा. तिथे जोर देतो तो गरम आणि थंड स्तंभांच्या वजनातला फरक गुणिले उंची. उंची चतुर्थांश केली तर जोरही चतुर्थांश. शिवाय वरच्या पाण्याच्या वजनामुळे तळाशी आणि माथ्यावर दाब वेगळा असतो आणि पाणी नेमकं कुठे उकळायला लागेल हे त्यावर ठरतं. म्हणून ट्रॉम्बेच्या एकात्म चाचणी-लूपमध्ये उंची जशीच्या तशी ठेवली, दाब आणि तापमानही खरंच, आणि कापला तो आडवा विस्तार. भट्टीच्या ४५२ वाहिन्यांपैकी एकच वाहिनी, तिच्या वाट्याला येईल तेवढीच शक्ती, तेवढंच पाणी. प्रमाण ४५२स एक, उंची एकास एक. उंची खरी असल्यामुळे वेग खरा राहतो आणि घड्याळही.

याची किंमत पाइपच्या भिंतीत मोजावी लागते. वरचं पिंप किंवा खाली येणारा जाड नळ छेदाने ४५२पट बारीक केला तर त्याचा परीघ एकवीसपटच घटतो. आतल्या प्रत्येक किलो पाण्यामागे भिंत एकवीसपट वाढली. त्यातून घर्षण आणि बाहेर झिरपणारी उष्णताही वाढली. नळांना कितीही गुंडाळलं तरी हा हिशेब पूर्ण मिटत नाही. कोर्व्हॅलिसला घड्याळ बिघडू दिलं, ट्रॉम्बेला भिंत. दोन्ही ठिकाणी विकृती आहेच, फक्त वेगवेगळ्या जागी ठेवलेली.

ट्रॉम्बेच्या पी. के. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेचे, पोलादाचे साधे आयताकृती लूप घेऊन केलेलं काम या गडबडीत झाकलं जाऊ नये. खाली गरम करायचं, वर थंड करायचं आणि प्रवाह आपोआप फिरू द्यायचा. द्रव न उकळता स्थिर वाहत असेल तर लहान-मोठ्या लूपांतला प्रवाह एकाच गुणोत्तरावर जवळजवळ एका रेषेत येतो. या भागात प्रमाण बदलण्याचं गणित सुरेख जुळतं. अस्थिरतेला मात्र ते इतकं सोपं लागू पडत नाही. तापक आणि शीतक दोन्ही आडवे बसवले तर विशिष्ट शक्तीला प्रवाह हेलकावे घेऊ लागतो आणि अधूनमधून चक्क उलट दिशेने फिरतो. तापक उभ्या बाजूला सरकवला की तोच लूप शहाण्यासारखा वागतो. कुठला भाग कुठे बसवला याला आकाराइतकंच महत्त्व आहे, हे असल्या टेबलाएवढ्या यंत्राने दाखवावं याचं मला कौतुक वाटतं.

उच्च तापमानाचा प्रश्नही ट्रॉम्बेने घेतला, आपल्या पद्धतीने. तिथे आखलेल्या संहत उच्च-तापमान भट्टीची शक्ती फक्त १०० किलोवॉट, इंधन वर सांगितलेल्या कवचबद्ध कणांचं, पण त्यात थोरियम आणि युरेनियम-२३३. मंदक बेरिलियम ऑक्साइड. शीतक हेलियम नव्हे तर शिसं आणि बिस्मथचं वितळलेलं मिश्रण. ते ९०० अंशांवर आत शिरून १००० अंशांवर बाहेर पडायचं, तेही पंपाशिवाय. एवढी छोटी भट्टी आणखी लहान करायची गरजच नव्हती. अडचण आहे ती हजार अंशांवर हा जड द्रव कुठल्या नळात ठेवावा याची, कारण पोलाद तिथे हात टेकतं. म्हणून या मिश्रणाचे लूप आधी कमी तापमानाला चालवले गेले, आणि त्यांच्या पुढे हजार अंशांचा पल्ला ठेवून एक वेगळा लूप आखला गेला; त्याचं नावच किलो-टेम्परेचर लूप.

लोणावळ्यातल्या एका इमारतीत मात्र काहीच लहान करून चाललं नसतं. आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९४५पासून इथे आहे. तिथे २०१९मध्ये ‘अभेद्य’ ही आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांना तोंड देण्याच्या प्रशिक्षणाची सोय सुरू झाली. गोवा शिपयार्डने ती बांधली. जहाजावर असा प्रसंग ओढवला तर काय करायचं याचा सराव नौसैनिक तिथे प्रत्यक्ष वातावरण उभं करून करतात. इथे परीक्षा द्रवाची नाही, माणसाची. मुखवटा घालून अरुंद दारातून निघणारा माणूस चतुर्थांश करता येत नाही, त्याचा दमही नाही. म्हणून प्रमाण एकास एक.

या सगळ्या संचांतून नेमकं मिळतं काय, हा प्रश्न रास्त आहे. कोर्व्हॅलिसचा तापमापक ९०० दाखवतो म्हणून खऱ्या भट्टीत ९०० असेल असं कुणीही म्हणत नाही. संच तपासतो तो संगणकावरचा हिशेब. आधी प्रोग्रॅमला संचाचं मोजमाप द्यायचं, काय होईल ते त्याच्याकडून आधी वदवून घ्यायचं, मग प्रयोग करायचा. जुळलं तर त्याच प्रोग्रॅमवर मोठ्या भट्टीसाठी थोडा विश्वास. थोडाच, कारण एका आकाराच्या संचावर आकडे बसवून घेतलेला प्रोग्रॅम दुसऱ्या आकाराला तोंडघशी पडू शकतो. म्हणून एकाच भट्टीसाठी निरनिराळ्या प्रमाणांचे संच लागतात आणि त्यांच्या विकृती मुद्दाम वेगळ्या असाव्या लागतात. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत पात्राबाहेरची उष्णता नैसर्गिक प्रवाहाने काढणाऱ्या यंत्रणेचा अर्ध्या प्रमाणाचा संच आहे; कोर्व्हॅलिस जिथे थांबतं तिथून त्याचं काम सुरू होतं.

शेवटचा पुरावा भट्टीनेच द्यावा लागतो. चीनच्या शान्दोंग प्रांतात शिदाओवान इथे अशा दोन भट्ट्या मिळून एक टर्बाइन चालवतात. प्रत्येक भट्टी २५० मेगावॉट उष्णतेची. १३ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२३ला एकेक भट्टी २०० मेगावॉटवर चालू असताना शीतन बंद पाडण्यात आलं. आणीबाणीची कुठलीही यंत्रणा न वापरता दोन्ही आपोआप थंडावल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. जपानच्या ओआराईने मार्च २०२४मध्ये पूर्ण ३० मेगावॉटवर तशीच चाचणी घेतली.

इतकं झाल्यावर पुढची भट्टी मोठी व्हायला हवी होती. चिनी अभियंत्यांना ६०० मेगावॉट विजेच्या वर्गातलं केंद्र हवं आहे, पण त्यांनी भट्टी वाढवलेली नाही. तीच २५० मेगावॉटची भट्टी सहा वेळा ठेवायची आणि सगळ्यांची वाफ एका टर्बाइनला द्यायची, असा त्यांचा आराखडा आहे. गाभा दुप्पट रुंद केला असता तर पृष्ठभाग आकारमानाच्या मागे पडला असता आणि १६०० अंशांचा हिशेब कोलमडला असता.